उत्तर असतंच

सुडोकू सोडवत बसलेल्या माणसाला काहीही विचारलं तरी तो "हं" म्हणतो. चहा टाकू का? हं. सिलिंडर संपलाय. हं. वरच्यांचा नळ गळतोय आणि आपल्या भिंतीला ओल येतेय. हं. आमच्या आईने या "हं"चा सखोल अभ्यास केलेला आहे. तिच्या मते त्याचे तीन प्रकार. एक, ऐकलंच नाही. दोन, ऐकलं पण उठणार नाही. तीन, सातचा आकडा सापडला. तिसऱ्या प्रकारात सूर शेवटी जरासा वर जातो म्हणे.

हा "हं"वाला माणूस म्हणजे अर्थातच आमचे बाबा. डोंबिवलीत घर, पस्तीस वर्षं बँकेत नोकरी, २००१ साली निवृत्त. (नातेवाईक मंडळींना हे सगळं पाठ आहे, त्यांनी चार ओळी सोडून पुढे जावं.) २००५ च्या सुमारास आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत सुडोकू यायला लागलं आणि बाबांनी शब्दकोडं सोडून ते धरलं, ते आजतागायत. सकाळी साडेसहा ते सात. पेन्सिल, खोडरबर, पेपरची घडी. आई म्हणते की बँकेत असताना सुद्धा त्यांनी इतक्या निष्ठेने वेळ पाळली नव्हती.

मीही तेव्हा सुडोकूच्या नादी लागले होते. मग २००६ च्या दिवाळीत मी एक शहाणपणा केला. पुण्याहून घरी जाताना लॅपटॉप नेला होता. त्यावर एका संध्याकाळी बसून सुडोकू सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यात फार काही अक्कल नव्हती. रिकाम्या घरात चालेल तो आकडा टाकायचा, पुढे जायचं, अडलं की एक पाऊल मागे यायचं आणि दुसरा आकडा टाकायचा. माणूस असं करू लागला तर म्हातारा होईल, मशीनला कंटाळा नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या हातातल्या पेपरातलं कोडं मी त्यात भरलं आणि बटण दाबलं. एक्क्याऐंशी आकडे एकदम समोर. "बघा बाबा, तुम्ही अर्धा तास घालवता ना, ते याने डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं."

बाबा स्क्रीनकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले. "हं" नाही, "बरं". पेपरची घडी घातली आणि आंघोळीला गेले. त्या दिवशी त्यांनी सुडोकू सोडवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बसायला लागले, पण ते गॅलरीत, माझ्याकडे पाठ करून.

ही गोष्ट मला बरीच वर्षं टोचत राहिली. त्या निमित्ताने या कोड्याचा इतिहास मी थोडाफार खणून काढला. त्यात बाबांसारखीच बरीच माणसं भेटली.

पहिली गोष्ट म्हणजे नाव जपानी असलं तरी हे कोडं जपानी नाही. १९७९ च्या मे महिन्यात अमेरिकेत डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात ते पहिल्यांदा छापून आलं, "नंबर प्लेस" या नावाने. कोड्याखाली करणाऱ्याचं नाव नव्हतंच. पुढे न्यूयॉर्क टाइम्सचे शब्दकोडे-संपादक विल शॉर्ट्झ यांनी जुने अंक चाळून एक गंमत हेरली. ज्या ज्या अंकात नंबर प्लेस असायचं, त्या त्या अंकाच्या सुरुवातीच्या नामावलीत हॉवर्ड गार्न्स हे नाव असायचं, आणि ज्यात कोडं नाही त्यात नावही नाही. म्हणजे ज्याचं कोडं त्याचा शोधही कोडं सोडवल्यासारखाच लागला. गार्न्स हे इंडियाना राज्यातले निवृत्त आर्किटेक्ट. कोडं छापून आलं तेव्हा वय ७४. ते १९८९ साली वारले. आपण केलेल्या चौकटीने जगाला वेड लावलंय हे त्यांना कधी कळलंच नाही.

त्याच्याही आधीचे धागे आहेत. १८९२ साली पॅरिसच्या "ल सिएक्ल" या वर्तमानपत्रात नऊ बाय नऊचा अर्धवट भरलेला जादूचा चौरस आला होता, पण त्यात बेरजा कराव्या लागत. १८९५ साली "ला फ्रान्स" या दैनिकाने त्यातल्या बेरजा काढून टाकल्या आणि एक ते नऊ एवढेच आकडे ठेवले. आजच्या सुडोकूच्या अगदी दाराशी येऊन ते थांबलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही कोडी दिसेनाशी झाली आणि लोक ती विसरूनही गेले.

गार्न्स यांचं कोडं १९८४ साली जपानला पोचलं. निकोली नावाच्या कोड्यांच्या प्रकाशनसंस्थेने ते छापलं. तिचे एक संस्थापक माकी काजी. यांना घोड्यांच्या शर्यतींचा भारी नाद. संस्थेचं नावसुद्धा एका शर्यतीच्या घोड्यावरून ठेवलेलं! त्यांनी कोड्याला लांबलचक नाव दिलं, ज्याचा अर्थ साधारण "आकडे एकटेच राहिले पाहिजेत" असा. एकटे म्हणजे अविवाहित, ब्रह्मचारी. त्याचं आखूड रूप म्हणजे सुडोकू. काजी २०२१ साली ६९ व्या वर्षी वारले. निकोलीने १९८६ मध्ये दोन बंधनं घालून घेतली: आधी दिलेले आकडे ३२ पेक्षा जास्त नसावेत, आणि ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखे सममितीत मांडलेले असावेत. या दुसऱ्या बंधनाने उत्तरात काडीचा फरक पडत नाही. ते निव्वळ डोळ्याला बरं वाटावं म्हणून.

तिथून कोडं जगभर नेलं वेन गूल्ड यांनी. मूळचे न्यूझीलंडचे, हाँगकाँगमध्ये न्यायाधीश. १९९७ साली टोकियोतल्या एका पुस्तकांच्या दुकानात त्यांना हे कोडं दिसलं. मग सहा वर्षं खपून त्यांनी सुडोकू तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि लंडनच्या "टाइम्स"ला कोडी फुकट देऊ केली. १२ नोव्हेंबर २००४ ला तिथे पहिलं सुडोकू छापून आलं. पुढच्या काही महिन्यांत ब्रिटनमधली वर्तमानपत्रं एकमेकांशी स्पर्धा करत सुडोकू छापू लागली, आणि वर्षभरात ते डोंबिवलीला आमच्या गॅलरीत पोचलं.

आता या चौकटीत एवढं काय आहे? गंमत म्हणजे आकडे असूनही यात गणित नाही. बेरीज नाही, वजाबाकी नाही. आकड्यांऐवजी नऊ फळांची चित्रं काढली तरी कोडं तेच राहील. शब्दकोड्याला भाषा लागते, वाचन लागतं, कुठल्या तरी नटीचं तीन अक्षरी नाव आठवावं लागतं. इथे नियम एका वाक्यात संपतो: प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या चौकोनात एक ते नऊ एकेकदाच. शाळेत गणिताने ज्यांना छळलं त्यांनाही इथे हुशार वाटतं.

आणि मुख्य म्हणजे उत्तर असतंच. एकच असतं. तर्काने जाता येतं. आयुष्यात अशी हमी दुसरं कोण देतं? बाबांच्या बाबतीत तर मला याचं मूळ बँकेत दिसतं. त्या काळी लेजरं हाताने लिहीत. संध्याकाळी जमा-नावे जुळले नाहीत, अगदी दोन रुपयांचा फरक राहिला, तरी माणसं रात्री नऊपर्यंत तो शोधत बसायची. बाबा आम्हाला सांगायचे की फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर समजावं, कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ च्या जागी ४५. चूक कुठेतरी आहे, ती सापडणार आहे आणि सापडल्यावरच घरी जायचंय. पस्तीस वर्षं ज्याने टॅली केली, त्याला निवृत्तीनंतर रोज सकाळी एक छोटं लेजर मिळालं.

पण कंटाळ्याचंही बोलायला हवं. सुडोकूचे तीन भाग असतात. सुरुवातीला भराभर आकडे सापडतात. मधे गाडं अडतं, आणि खरं कोडं तेवढंच. मग एक घर सुटतं आणि उरलेली वीस-पंचवीस घरं नुसती भरायची. ती निव्वळ कारकुनी. डोकं बंद, हात चालू. त्यातून चूक झाली तर बघायलाच नको. बाराव्या मिनिटाला टाकलेला चुकीचा सहा पस्तिसाव्या मिनिटाला एका ओळीत दोन चार होऊन उगवतो, आणि तो नेमका कुठून आला हे शोधायला काही मार्ग नसतो. सगळं खोडा आणि पहिल्यापासून बसा. एवढं करून सुटलं तरी हाती काय? सुटलेलं शब्दकोडं निदान वाचता येतं. सुटलेल्या सुडोकूत वाचण्यासारखं काहीच नसतं.

याची मोठी कुठली, तर सिडनीतली. २००८ साली तिथे अमली पदार्थांचा एक मोठा खटला चालू होता. साठाहून जास्त दिवस कामकाज झालं होतं, शंभरावर साक्षीदार झाले होते. आरोपींच्या लक्षात आलं की ज्यूरीतले लोक लिहून घेतायत, पण आडवं नाही, उभं लिहितायत! चौकशीत निघालं की पाचेक जण सुडोकू सोडवत होते, तेही बरेच आठवडे. खटला रद्द झाला, दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर पाण्यात गेले. ज्यूरीप्रमुख बाईंचं म्हणणं असं की साक्षी फार लांबत होत्या, सुडोकूमुळे डोकं जागं राहायचं. मला त्या बाईंचं पटतं, आणि आरोपींचंही. एका कंटाळ्यावर दुसऱ्या कंटाळ्याचा उतारा, तो बिचारा त्यासाठीच तर वापरतात लोक.

मशीनची बाजूही सांगते. एकूण सुडोकू किती होऊ शकतात हे २००५ साली मोजलं गेलं. ती बावीस अंकी संख्या आहे. नुसती अदलाबदल आणि फिरवाफिरवी वगळली तरी सुमारे ५४७ कोटी खरोखर वेगळे उरतात. आणि उत्तर एकच यावं म्हणून किमान १७ आकडे द्यावेच लागतात, १६ पुरत नाहीत, हे २०१२ साली डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटाने सिद्ध केलं. कसं? त्या ५४७ कोटी चौकटी एकेक करून तपासून. एकाच प्रोसेसरवर करायचं तर सत्तर लाख तास लागले असते. इतका कंटाळा आजवर कुठल्याही यंत्राच्या वाट्याला आला नसेल.

आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले.

२०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊन होतं. मी पुण्यात अडकलेले, आईबाबा डोंबिवलीला. त्या दिवसांत बातमी आली की गणितज्ञ शरच्चंद्र शंकर श्रीखंडे २१ एप्रिलला वारले, वयाच्या १०२ व्या वर्षी. मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग त्यांनी अनेक वर्षं सांभाळला होता. मला त्यांचं नाव माहीत होतं ते या चौकोनांच्या इतिहासामुळेच. मी बाबांना फोन लावला आणि गोष्ट सांगितली.

अठराव्या शतकात ऑयलर नावाचा थोर गणिती होऊन गेला. म्हातारपणी जवळजवळ पूर्ण आंधळा झाला होता, तरी कागद लिहवून घ्यायचा. त्याने एक कोडं घातलं: सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे अधिकारी, असे छत्तीस जण सहा बाय सहाच्या चौकोनात उभे करा. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच यायला हवा. म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन सुडोकूच, फक्त आतले छोटे चौकोन नसलेली. त्याला ते जमेना. १७८२ साली छापलेल्या लेखात त्याने म्हटलं की सहाचं होत नाही, आणि बहुधा दहाचं, चौदाचं, अठराचंही होणार नाही. सहाच्या बाबतीत तो बरोबर होता. फ्रान्सच्या गास्ताँ तारी यांनी १९०१ साली सगळ्या शक्यता हाताने तपासून ते दाखवलं. (हाताने!) दहाचं मात्र लटकून राहिलं. अमेरिकेत एका कॉम्प्युटरला शंभरावर तास कामाला लावलं, त्यालाही काही सापडलं नाही.

मग १९५९ साली राजचंद्र बोस आणि त्यांचे विद्यार्थी श्रीखंडे यांनी बावीसचा चौकोन करून दाखवला. ई. टी. पार्कर यांनी दहाचा केला. आणि तिघांनी मिळून सिद्ध केलं की दोन आणि सहा सोडले तर सगळे होतात. ऑयलरचा अंदाज १७७ वर्षांनी खोटा ठरला. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. शेतावर बियाणांचे प्रयोग करताना कुठल्या तुकड्यात काय पेरायचं हे ठरवायला असले चौकोन लागतात, त्यामुळे बोस-श्रीखंड्यांना त्यात रस होता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांना माहीत होतं का, उत्तर आहे म्हणून?"

"नाही ना. उलट ऑयलरसारखा माणूस नाही म्हणून सांगून गेला होता."

"मग ते वेगळंच," बाबा म्हणाले. "आपल्याला रोज सकाळी कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, आहे म्हणून."

मी धीर करून म्हटलं, "बाबा, त्या दिवाळीत मी तो प्रोग्रॅम दाखवला, तुम्हाला वाईट वाटलं होतं ना?"

"वाटणारच. अगं, त्या दिवशीचं कोडं तू फोडून टाकलंस. उत्तर बघितल्यावर मी काय सोडवणार होतो, कपाळ?"

"एवढंच?"

"मग काय? मशीन भराभर सोडवतं, सोडवू दे की. मोटार पळते म्हणून माणसं पर्वतीवर चालत जायची थांबली का? तू परत फोडू नयेस म्हणून गॅलरीत बसायला लागलो."

चौदा वर्षं मी उगाचच ओझं वाहत होते! मशीनने एका म्हाताऱ्या माणसाचा आनंद हिरावला असली काहीतरी मोठी गोष्ट मी मनात रचून ठेवली होती. प्रत्यक्षात गेलं होतं ते एका दिवसाचं कोडं. खरं तर कंटाळा मला आला होता, बाबांना नव्हे. मी सुडोकूकडे उत्तर काढायचं काम म्हणून पाहिलं, आणि ते काम मशीनवर सोपवल्यावर माझ्यासाठी काही उरलंच नाही.

गेल्या वर्षीपासून बाबांना पेपरातले बारीक आकडे दिसत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी नाही. म्हणून मी प्रोग्रॅम जरा बदलला आणि पानभर मोठ्या चौकटी छापून पाठवायला लागले. गूल्डसाहेबांचाच धंदा. पंधरा दिवसांनी बाबांचा निरोप आला: "तुझी कोडी चालतात, पण चव नाही. कुठेही अडतं, कसंही सुटतं. कुणी मांडल्यासारखं वाटत नाही." निकोलीचे लोक याच कारणासाठी कोडी हाताने करण्यावर अडून बसले होते. हाताने केलेल्या कोड्यात करणारा तुम्हाला एका वाटेने नेतो, मधेच फसवतो, पुढे खूण ठेवतो. हे मी वाचलं होतं, पण खरं मानलं नव्हतं.

तर मागच्या महिन्यात मी एक सुडोकू हाताने केलं. पूर्ण रविवार गेला. आकडे रांगोळीसारखे मांडले, २८ दिले. एकच उत्तर येतं ना हे प्रोग्रॅमला विचारायचं नाही असं ठरवलं होतं, स्वतःच तपासलं आणि पाठवून दिलं. बाबांनी दोन दिवस घेतले. मग त्यांनी कागदाचा फोटो आईकडून पाठवला. चौकट भरलेली, फक्त चार घरं रिकामी आणि त्यांना पेन्सिलीने गोल केलेला. दोन आडव्या ओळी, दोन उभ्या, दोन चौकोन, आणि चारही घरांत ३ किंवा ८. अदलाबदल केली तरी सगळे नियम पाळले जातात. म्हणजे दोन उत्तरं. म्हणजे माझं कोडं कोडंच नव्हतं. खाली बँकेतल्या अक्षरात लिहिलं होतं: "टॅली होत नाही. दुरुस्त करून पाठवणे."

असो. त्या चारांपैकी एका घरात आकडा दिला की काम होईल, पण मग सममितीसाठी समोरच्या घरातही द्यावा लागतो, आणि तो दिला की मधली अडचण फारच सोपी होते. दोन आठवडे झाले, अजून घोळ सुटलेला नाही. आत्ताच नवऱ्याने काहीतरी विचारलं. मी "हं" म्हटलंय.